शिल्लक बळाचा ताळेबंद : अतिदक्षता विभागातील रुग्णाची जर्जरता कशी ओळखावी
(विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत प्रशासकाने बोलावयास उभे राहावे आणि जमाखर्च, खाटांची संख्या, नवी यंत्रसामग्री यांविषयी सांगून आभार मानून खाली बसावे, असा एक प्रघात आहे. जमाखर्चाची पत्रके अहवालात छापलेली आहेत आणि ती आपण वाचालच. म्हणून आजचा वेळ मी एका वेगळ्या विषयासाठी मागून घेत आहे. अतिदक्षता विभागात दाखल होणारा रुग्ण आजारी पडण्यापूर्वी किती सशक्त वा किती खचलेला होता, हे पाहण्याची जी पद्धत गेल्या दोन दशकांत जगभर रूढ होत आली, तिच्याविषयी मी बोलणार आहे.

मी वैद्यकीय क्षेत्रातील माणूस नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि माझी सारी उमेद हिशेबाच्या वह्यांत गेली. जे सांगणार आहे ते आपल्या डॉक्टरांकडून समजून घेतलेले व प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत नोंदलेले आहे. तरीही हा विषय या व्यासपीठावर आणण्याचे धाडस करतो, कारण तो आता केवळ डॉक्टरांचा राहिलेला नाही. कुटुंबाने घ्यावयाचे निर्णय, विश्वस्तांनी आखावयाचे धोरण आणि देणगीदारांचा पैसा कोठे कामी यावा हा विचार, या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीत ज्या अवस्थेला ‘फ्रेल्टी’ म्हणतात तिला शास्त्रीय लिखाणात आपण जर्जरता म्हणू. ‘दुर्बलता’ हा शब्द मी मुद्दाम टाळतो, कारण धर्मादाय रुग्णालयाच्या कचेरीत ‘दुर्बल घटक’ म्हटले की उत्पन्नाचा दाखला आठवतो. मात्र आपल्या घरांतून या अवस्थेसाठी फार पूर्वीपासून एक नेमका शब्द वापरला जातो. ‘आमचे वडील अलीकडे फार थकलेत,’ असे आपण म्हणतो तेव्हा ते आज दमले आहेत असे आपल्याला म्हणायचे नसते. त्यांची चाल मंदावली, वजन उतरले, हाताची पकड गेली, साध्या तापाने ते आठ-आठ दिवस अंथरूण धरतात, एवढे सारे त्या एका शब्दात येते. वैद्यकशास्त्राने केले ते इतकेच की, या ‘थकण्या’ला पायऱ्या पाडल्या आणि त्या मोजता येतील असे केले.

वय आणि जर्जरता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर वय म्हणजे पुस्तकी घसारा होय. यंत्र घेतल्याचे वर्ष पाहून दरसाल ठरावीक टक्के वजा करीत जायचे. पण त्या यंत्राची खरी अवस्था वहीवरून कळत नाही. त्यासाठी कारखान्यात जाऊन ते चालताना पाहावे लागते. आपल्या शहरात जुने यंत्रमाग कागदोपत्री शून्य किमतीचे होऊनही वर्षानुवर्षे कापड देत राहिले, हे येथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे.

उदाहरणादाखल दोन माणसे डोळ्यांसमोर आणू या. मंगळवेढ्याकडील एखादा ७८ वर्षांचा शेतकरी. रोज पहाटे रानात जातो, ज्वारीच्या राशीवर स्वतः उभा राहतो, आषाढीला पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत आपल्या पायांवर उभा असतो. दुसरीकडे शहराच्या पूर्व भागातील ६२ वर्षांची एखादी बिडी कामगार भगिनी. हजार बिड्यांवर मजुरी ठरत असल्याने ती जन्मभर मान मोडून, मांडी घालून बिड्या वळत आली. मधुमेह आहे, वजन वर्षभरात उतरले आहे, आता जिना चढवत नाही आणि अंघोळीला सुनेचा हात लागतो. दोघांनाही न्यूमोनिया होऊन ते अतिदक्षता विभागात आले, तर केवळ दाखल-पत्रकावरील वय पाहणारा शेतकऱ्याची चिंता अधिक करील. प्रत्यक्षात संकटाला तोंड देण्याची गंगाजळी त्या भगिनीपाशी कमी आहे. अतिदक्षता विभागातील उपचार रुग्णाला उसने बळ देतात. आजार ओसरल्यावर शरीराने स्वतःच्या बळावर उभे राहायचे असते, आणि तेथे ही शिल्लक कामी येते.

आता या मोजणीचा थोडा इतिहास. अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली जर्जरतेची ५ लक्षणे निश्चित केली : प्रयत्न न करता घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची कमी झालेली पकड, मंदावलेली चाल आणि हालचालींतील घट. यांपैकी ३ वा अधिक लक्षणे असतील तर ती व्यक्ती जर्जर समजावी, एक वा दोन असतील तर ती उंबरठ्यावर आहे असे मानावे. ही पद्धत सशक्तपणे बोलता-चालता येणाऱ्या माणसांसाठी उत्तम आहे. आपल्या देशातही मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची जी मोठी पाहणी केली, तीत हाताची पकड यंत्राने मोजली गेली होती. परंतु अतिदक्षता विभागातील रुग्णाला कृत्रिम श्वासाची नळी असते, तो बेशुद्ध असतो किंवा गुंगीत असतो. त्याला ‘जरा चालून दाखवा’ किंवा ‘हे यंत्र दाबा’ असे कसे सांगणार?

ही अडचण कॅनडातील हॅलिफॅक्स येथील डलहौसी विद्यापीठाचे डॉ. केनेथ रॉकवुड यांच्या पद्धतीने सुटली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ‘क्लिनिकल फ्रेल्टी स्केल’ नावाची श्रेणी प्रसिद्ध केली. आरंभी तिच्या ७ पायऱ्या होत्या, पुढे त्या ९ झाल्या आणि २०२० मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. या पद्धतीला यंत्र लागत नाही, रक्ततपासणी लागत नाही. माणूस रोजचे व्यवहार कितपत स्वतः करीत होता हे रुग्णाला, आणि तो बोलू शकत नसेल तर त्याच्या घरच्यांना, विचारून पायरी ठरवायची असते.

त्या पायऱ्या सोप्या भाषेत अशा. पहिल्या तीन पायऱ्यांवर धडधाकट, बरा आणि आजार असूनही ते आटोक्यात ठेवून नीट चालणारा अशी माणसे येतात. चौथ्या पायरीवरील माणूस कोणावर अवलंबून नसतो, पण त्याची गती मंदावलेली असते आणि दिवसभर दमल्यासारखे वाटते. पाचव्या पायरीवर पैशांचे व्यवहार, प्रवास, औषधांच्या वेळा, घरातील जड कामे यांसाठी मदत लागू लागते. सहाव्या पायरीवर घराबाहेरच्या सर्व गोष्टींसाठी आणि घर चालवण्यासाठी दुसऱ्याचा आधार लागतो, जिना अवघड होतो, अंघोळीला बहुधा हात द्यावा लागतो. सातव्या पायरीवर माणूस स्वतःच्या शरीराच्या सर्व निगेसाठी परावलंबी असतो, पण प्रकृती स्थिर असते. आठव्या पायरीवर तो पूर्ण परावलंबी असून आयुष्याच्या अखेरीकडे झुकलेला असतो, साध्या दुखण्यातूनही सावरणे कठीण असते. नववी पायरी थोडी वेगळी आहे. ज्यांचे आयुष्य असाध्य आजारामुळे ६ महिन्यांहून कमी उरले आहे, पण जे एरवी गंभीररीत्या जर्जर झालेले नाहीत, त्यांच्यासाठी ती आहे. साधारणपणे पाचव्या पायरीपासून पुढे रुग्ण जर्जर समजला जातो.

यातील एक नियम सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो नातेवाइकांनी विशेष लक्षात ठेवावा. पायरी ठरवताना आज रुग्ण कसा दिसतो हे पाहायचे नसते. आज तर तो यंत्रांना जोडलेला आहे. आज प्रत्येक जणच जर्जर दिसेल. विचारायचे ते आजार सुरू होण्यापूर्वी, सुमारे दोन आठवड्यांमागे तो कसा होता याविषयी. ताळेबंद मांडताना आरंभीची शिल्लक चुकली तर पुढचे सारे आकडे चुकतात, तसेच हे आहे.

रक्तदाब, श्वास, रक्तातील घटक यांवरून आजार किती तीव्र आहे हे सांगणाऱ्या गुणपद्धती अतिदक्षता विभागात पूर्वीपासून आहेत. १९८५ साली प्रसिद्ध झालेली ‘अपॅची-दोन’ ही त्यांपैकी सुपरिचित होय. तीत वय व जुने आजारही धरले जातात. परंतु घाव किती मोठा आहे हे त्या सांगतात. घाव सोसणारा किती भक्कम होता हे जर्जरतेची पायरी सांगते. दोन्ही माहिती एकमेकींना पूरक आहेत.

ही माहिती खरोखर उपयोगी आहे काय? कॅनडातील आल्बर्टा प्रांतात ६ रुग्णालयांतील अतिदक्षता विभागांत ५० वर्षे व त्यावरील ४२१ रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे एक तृतीयांश रुग्ण आधीपासूनच जर्जर होते. रुग्णालयात असताना जर्जर रुग्णांपैकी ३२ टक्के दगावले, इतरांपैकी १६ टक्के. वर्षअखेरीस हे प्रमाण अनुक्रमे ४८ व २५ टक्के झाले. त्याच अभ्यासातील ५० ते ६५ या वयोगटातील १९७ रुग्णांकडे स्वतंत्रपणे पाहिले असता त्यांपैकीही सुमारे २८ टक्के जर्जर आढळले. म्हणजे ही केवळ म्हातारपणाची गोष्ट नाही. युरोपातील २१ देशांच्या ३११ विभागांत ८० वर्षांवरील पाच हजारांहून अधिक रुग्णांचा जो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ४० टक्क्यांहून अधिक रुग्ण जर्जर होते, आणि त्यांचे ३० दिवसांतील भवितव्य सांगताना केवळ वयापेक्षा ही पायरी जोडल्याने अंदाज अधिक नेमका होतो असे दिसले.

आपल्याकडील परिस्थिती थोडी निराळी आहे. २०१० व २०११ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. जिगीषु दिवातिया यांच्या पुढाकाराने भारतातील १२० अतिदक्षता विभागांची पाहणी झाली. तीत चार हजारांहून अधिक रुग्ण होते आणि त्यांचे सरासरी वय ५४ च्या आसपास होते. तेव्हा परदेशातील ऐंशीच्या घरातील रुग्णांवरून काढलेले निष्कर्ष आपल्या पन्नाशी-साठीतील रुग्णांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मुळात रॉकवुड यांची श्रेणी ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी पारखली गेली आहे. त्याखालील वयात ती फार जपून वापरावी लागते. दुसरीकडे, अपुरा आहार, अंगमेहनतीचे काम आणि दीर्घकाळ अंगावर काढलेली दुखणी यांमुळे आपल्याकडे माणूस साठीच्या आतच थकतो, हेही आपण रोज पाहतो. म्हणून आपल्या विभागात ही पायरी नोंदताना तिच्यासोबत आहार, वजन आणि काम यांची चार वाक्ये लिहावीत, असे डॉक्टरांनी ठरवले आहे. नुसत्या अंकावर भिस्त ठेवू नये, हा त्यामागील हेतू.

ही विचारपूस सोलापुरात कशी करावी, हा खरा प्रश्न आहे. पहिली गोष्ट भाषेची. आपल्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही भाषा रुग्णालयाच्या एकाच दालनात ऐकू येतात. पूर्व भागातील पद्मशाली कुटुंबातील आजींविषयी तेलुगूत विचारले तर जे कळते, ते दुभाष्यामार्फत विचारल्यास कळत नाही. अक्कलकोटकडील घराला कन्नडमध्ये बोलते करावे लागते. आपल्या परिचारिकांमध्ये या सर्व भाषा येणाऱ्या भगिनी आहेत, ही आपली मोठी जमेची बाजू आहे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. परदेशी प्रश्नावलीत विचारतात, ‘बँकेचे व्यवहार स्वतः करता का? स्वयंपाक स्वतः करता का? बाजारहाट स्वतः करता का?’ आपल्या एकत्र कुटुंबातील आजोबांनी आयुष्यात कधी चूल पेटवलेली नसते आणि आजींनी बँकेची पायरी चढलेली नसते. सून घरात आल्यावर सासूने स्वयंपाकघर तिच्या हाती सोपवले, तर त्याचा अर्थ सासू थकली असा होत नाही. म्हणून ‘करतात का?’ हे विचारून भागत नाही. ‘करत नाहीत की करवत नाही?’ हे विचारावे लागते, आणि ‘पूर्वी करीत होते ते कोणते काम गेल्या वर्षभरात सोडले?’ असेही विचारावे लागते. देवपूजेची तयारी, नातवाला शाळेत सोडणे, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्यावर पायी जाऊन येणे, एकादशीला देवळात बसून भजन करणे, जनावरांना वैरण टाकणे, या गोष्टींतून माणसाचे बळ नेमके उमगते.

तिसरी गोष्ट म्हणजे कोणाला विचारावे. औषधाच्या खर्चाची व्यवस्था पाहणारा मुलगा पुण्यात नोकरीला असतो. त्याने दिवाळीत पाहिलेले वडील त्याच्या डोळ्यांसमोर असतात. रोज त्यांना उठवून बसवणारी सून मात्र दाराशी उभी असते आणि तिला कोणी विचारीत नाही. या मूल्यमापनाचा एक चांगला परिणाम असा की, खरी शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला प्रथमच साक्षीदाराचा मान मिळतो.

आता मी ज्या बाबीसाठी हा विषय विश्वस्तांसमोर मांडत आहे, तिच्याकडे वळतो. मोजमापाचे हत्यार दुधारी असते. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा ब्रिटनमधील ‘नाइस’ या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने अतिदक्षता विभागात कोणास दाखल करावे याचा विचार करताना हीच श्रेणी वापरण्याची सूचना केली. लगेचच अपंग व्यक्तींच्या व बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांच्या संघटनांनी आक्षेप घेतला. जन्मापासून चाकाच्या खुर्चीवर असलेल्या तरुणाला दैनंदिन कामात मदत लागते, म्हणून तो जर्जर ठरतो काय? आक्षेप योग्य होता. काही दिवसांतच सूचना सुधारण्यात आली, आणि ६५ वर्षांखालील व्यक्ती, स्थिर स्वरूपाचे दीर्घकालीन अपंगत्व, बौद्धिक अपंगत्व किंवा स्वमग्नता असलेल्या व्यक्ती यांना ही श्रेणी लावू नये असे स्पष्ट करण्यात आले.

आपल्याला यातून बोध घ्यावयाचा आहे. आपले रुग्णालय धर्मादाय आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करणे आपल्यावर बंधनकारक आहे. आता विचार करा. अर्धपोटी राहिलेला, उपचारासाठी उशिरा आलेला निर्धन रुग्णच अधिक वेळा जर्जर असणार. उद्या जर कोणी म्हणाले, ‘याची पायरी सातवी आहे, निधी वाया कशाला घालवावा?’ तर गरिबीने जे त्याच्याकडून आधीच हिरावून घेतले, त्याचाच आधार घेऊन आपण त्याला दुसऱ्यांदा नाकारू.

म्हणून विश्वस्त मंडळाने धोरण म्हणून तीन गोष्टी मान्य कराव्यात, अशी माझी नम्र विनंती आहे. पहिली, जर्जरतेची पायरी केवळ रुग्णाच्या वैद्यकीय कागदपत्रांत राहील. ती देयक विभागाकडे, हिशेब विभागाकडे किंवा माझ्या टेबलावर येणार नाही. ज्याने खाट भरण्याचा वा रिकामी करण्याचा हिशेब ठेवायचा, त्याच्या हाती हा अंक असू नये. दुसरी, केवळ या अंकावरून कोणालाही अतिदक्षता विभागात प्रवेश नाकारला जाणार नाही. मघाशी सांगितलेल्या कॅनडातील अभ्यासाचीच दुसरी बाजू पाहा. जर्जर रुग्णांपैकी अर्ध्याहून अधिक रुग्ण वर्षानंतरही हयात होते. तिसरी, पायरी दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे ठरवावी, आणि त्यांच्यात मतभेद झाल्यास पुन्हा घरच्यांशी बोलावे.

मग, एखाद्याने विचारावे, नाकारण्यासाठी नाही तर हा अंक हवा कशाला? दोन कामांसाठी. एक, प्रामाणिकपणे बोलण्यासाठी. आणि दुसरे, अधिक जपण्यासाठी.

बोलण्याविषयी प्रथम. अतिदक्षता विभागाबाहेरील बाकावर बसलेले कुटुंब कोणत्या अवस्थेत असते हे येथील अनेकांनी अनुभवले आहे. ‘डॉक्टर, काहीही करा, पैशाचे बघू,’ असे म्हणणारा मुलगा त्याच संध्याकाळी एखादी एकर जमीन गहाण टाकण्यासाठी गावाकडे फोन लावत असतो. त्याला खरे काय ते कळण्याचा हक्क आहे. वडील आधी चौथ्या पायरीवर होते की सातव्या, यावरून डॉक्टर त्याला सांगू शकतात की, या दुखण्यातून ते बाहेर आले तरी पुन्हा पायांवर उभे राहण्याची शक्यता किती आहे आणि घरी किती शुश्रूषा लागेल. अनेकदा अशा वेळी मुदतीचा उपचार हा मार्ग उपयोगी पडतो. ठरावीक दिवस सर्व उपचार पूर्ण ताकदीने करायचे, त्यानंतर डॉक्टर व कुटुंब यांनी एकत्र बसून सुधारणा पाहायची आणि पुढचा निर्णय घ्यायचा. काय दिसले तर पुढे जायचे हे आरंभीच ठरलेले असल्याने कोणाच्याही मनात अपराधाची टोचणी राहत नाही.

या संदर्भात कायद्याची स्थितीही सांगतो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेल्या निकालाने हा प्रश्न देशापुढे आला. ९ मार्च २०१८ रोजी न्यायालयाने सन्मानाने मृत्यूचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र यांना मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ करण्यात आली. इच्छापत्र आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करता येते, आणि उपचार थांबवण्याच्या निर्णयासाठी रुग्णालयात प्राथमिक व दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळे असावी लागतात. जर्जरतेची पायरी हे उपचार थांबवण्याचे कारण नव्हे, हे मी पुन्हा सांगतो. परंतु घरातील वडीलधारी मंडळी शुद्धीवर व समर्थ असताना त्यांना काय हवे, काय नको, हे विचारून ठेवणे ही आता अशुभ गोष्ट मानू नये.

दुसरे काम जपण्याचे. लंडनमधील एका अभ्यासात २०१३ साली असे आढळले की, गंभीर रुग्णाच्या मांडीच्या पुढील स्नायूचा छेद पहिल्या १० दिवसांत सरासरी १७ टक्क्यांहून अधिक घटतो. ज्याच्यापाशी मुळातच थोडे शिल्लक आहे, त्याला ही घट परवडणारी नाही. म्हणून जर्जर रुग्णासाठी पहिल्या दिवसापासून वेगळी काळजी आखावी लागते. प्रथिनयुक्त आहार वेळेवर सुरू करणे, गुंगीची औषधे शक्य तितकी कमी ठेवणे, सुरक्षित होताच खाटेवर बसवणे, दुसऱ्याच्या आधाराने का होईना उभे करणे, दिवस-रात्रीचे भान राहावे म्हणून समोर घड्याळ ठेवणे, चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी घरून मागवून घेणे, आणि ओळखीचा आवाज कानी पडावा म्हणून घरच्यांना रोज ठरावीक वेळ आत येऊ देणे. यातील एकही उपाय महागडा नाही. पण प्रत्येकाला माणूस लागतो आणि माणसाला वेळ लागतो.

येथे मी देणगीदारांशी मोकळेपणाने बोलू इच्छितो. आपल्या उदारतेने या रुग्णालयात कृत्रिम श्वसनयंत्रे आली, मॉनिटर आले, आणि त्या प्रत्येकावर दात्याच्या माता-पित्यांच्या स्मरणार्थ पाटी लागली. त्याबद्दल ही संस्था आपली ऋणी आहे. परंतु फिजिओथेरपिस्टच्या पगारावर पाटी लावता येत नाही. रात्रपाळीला एक परिचारिका वाढवली तर तिच्या पाठीवर दात्याचे नाव लिहिता येत नाही. शासकीय योजनांमुळे बराच भार हलका झाला हे मान्य केलेच पाहिजे. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील ज्या पहिल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. पण अशा योजनांत उपचारांचे दर ठरावीक असतात. विभागातून बाहेर पडल्यावर महिना-दोन महिने घरी जाऊन रुग्णाला चालवण्याचा, त्याच्या आहाराची विचारपूस करण्याचा खर्च त्या दरांत बसणे कठीण असते. रुग्ण वाचला, पण पुन्हा कधी उंबरठ्याबाहेर आला नाही, तर आपण दिलेल्या श्वसनयंत्राचे काम अर्धेच झाले असे मी समजतो.

तेव्हा या वर्षी ज्यांना देणगी द्यावयाची आहे त्यांनी तिचा काही भाग मनुष्यबळासाठी, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि घरभेटी करणारी परिचारिका यांच्यासाठी राखून ठेवण्यास संमती द्यावी, ही प्रार्थना. त्याचा हिशेब स्वतंत्र खात्यात ठेवला जाईल आणि पुढील अहवालात तो छापला जाईल.

नातेवाईक मंडळींना एकच विनंती करतो. घरातील ज्येष्ठांना दवाखान्यात आणताना जुने रिपोर्ट व औषधांच्या चिठ्ठ्या आपण आठवणीने आणता. त्यासोबत एका कागदावर चार ओळी लिहून आणा : ते गेल्या महिन्यापर्यंत काय काय स्वतः करीत होते, कोणत्या कामाला हात द्यावा लागत होता, वजन उतरले का, वर्षभरात पडले होते का. आणि हे लिहिताना रोज त्यांच्याजवळ असणाऱ्या व्यक्तीला विचारा. त्या कागदाचे मोल एखाद्या महागड्या तपासणीइतके ठरू शकते.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीवरील नागरिक सुमारे १० कोटी ४० लक्ष होते. ती संख्या त्यानंतर वाढतच आहे. त्यांतील अनेक जण आज ना उद्या आपल्या दाराशी येतील. त्यांचे वय आपण कागदावर लिहूच. त्यांचे बळ विचारून घेण्याची सवय मात्र आपल्याला लावून घ्यावी लागेल.